मोठा काटा चारावर

मथुरा गेल्याचा फोन आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते, आणि मी डोंबिवलीच्या आमच्या घरात जेवणाच्या टेबलाशी कोऱ्या कागदापुढे पेनाचं टोपण चावत बसले होते. फोन तिच्या मुलाचा, वसंताचा. "मावशी, आई गेली. सकाळी चहा प्यायली, म्हणाली जरा पडते…"  मी "बरं" म्हटलं. बरं! माणूस गेल्याचं ऐकून कुणी बरं म्हणतं का? पण म्हटलं खरं. रिसीव्हर ठेवल्यावर माझी पहिली नजर गेली ती त्या कागदाकडेच. वर एक ओळ होती, 'मथुरा पाटील हिच्याविषयी एक खुलासा', आणि खाली सगळं पांढरं. साडेतीन वर्षं मी ती एकच ओळ निरनिराळ्या कागदांवर लिहीत होते. कधी चष्म्याचा नंबर बदलला म्हणून थांबले, कधी दिवाळी आली म्हणून. मथुराने बजावलं होतं, "मी हाय तवर छापून आण हां. मेल्यावर काय, सगल्यांबद्दल सगले चांगलंच लिव्हतात." आता तिच्या नावाआधी 'कै.' लागलं, आणि या बाईसाहेबांना लिहायला सवड झाली.

खुलासा आधी सांगून टाकते, नाहीतर पुन्हा टोपण चावत बसेन. साठेक वर्षांपूर्वी ठाण्यातल्या एका दवाखान्यात सहा वर्षांच्या एका मुलीच्या रक्ताचा नमुना 'दूषित' ठरला. सिरिंज नीट उकळली नाही, असा ठपका मथुरावर आला आणि तो तिच्या नावाला चिकटून राहिला. सिरिंज नीट उकळलेली होती. नमुना दूषित नव्हता. 'दूषित' हा शब्द मी लिहिला होता. तो का लिहिला हे सांगायचं तर मला आंबोळीच्या पिठापासून सुरुवात करावी लागेल. हसा खुशाल. त्या वेळच्या विमलला मीही हसते… अर्ध्यापर्यंत. पुढे हसू येत नाही.

तर ती विमल. वीस वर्षांची, इंटर सायन्स झालेली, आणि आपण शास्त्रज्ञ आहोत अशी तिची पक्की समजूत. स्वातंत्र्यानंतर वर्षभरात आमचं कुटुंब डोंबिवलीला आलं, तेव्हा स्टेशनाबाहेर भातखाचरं होती आणि संध्याकाळी बेडकांपुढे रेडिओ ऐकू यायचा नाही. पुढे पन्नास साल उलटल्यावर मला ठाण्याच्या त्या दवाखान्यात प्रयोगशाळेत मदतनिसाची जागा मिळाली. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. त्या जागी आता भलतंच काही उभं आहे. टेंभी नाक्यावरून चालत जायचं, हातात पर्स, पर्समध्ये रुमाल, रुमालाला अत्तर. पहिल्याच दिवशी लहान मुलांच्या वॉर्डातून नमुन्यांचा ट्रे आला आणि या शास्त्रज्ञबाईंनी तो रुमाल नाकाला लावला. ट्रे घेऊन आलेली नर्स दारातच थांबली. काळीसावळी, ठेंगणी, टोपी अगदी सरळ, आणि डोळे असे की समोरच्याची कुंडली वाचताहेत. "नाक कशाला धरतंस गो?" ती म्हणाली. "तुझ्यातून काय गुलाबपानी निगतं?" ती मथुरा.

ती कळव्याची, आगऱ्यांची. वडील मिठागरावर कामाला. मुलगी मुंबईला जाऊन नर्सिंग शिकून आली, याचा गावाला अभिमानही होता आणि धास्तीही. डॉक्टरांशी ती शुद्ध पुस्तकी मराठी बोलायची, आमच्याशी अर्धीअर्धी, आणि रागावली की निव्वळ कळव्याची. दुपारी आम्ही प्रयोगशाळेच्या मागच्या पायरीवर डबे उघडायचो. माझ्या डब्यात पोळी आणि बटाट्याची भाजी, तिच्या डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. आठवड्याभरात डब्यांची अदलाबदल सुरू झाली. "बामनीन बाटली," ती तोंडात पोळी भरून म्हणायची. घरी जाण्याआधी मी मूठभर बडीशेप चावायची आणि वहिनी रोज विचारायची, "दवाखान्यात बडीशेप कशाला वाटतात गं?"

मथुराच्या कामाची एक तऱ्हा होती. वॉर्डाच्या कोपऱ्यात स्टोव्हवर पसरट भांडं असायचं, त्यात काचेच्या सिरिंजा आणि सुया उकळायच्या. बाकीच्या नर्सेस पाणी खळखळलं की अंदाजाने उतरवायच्या. मथुराकडे तिचं स्वतःचं हिरवं टायमपीस होतं, डोक्यावर दोन घंटा असलेलं, पहिल्या पगारातलं. पाण्याला उकळी फुटली की काटे बाराशी आणून ते सुरू करायची आणि मोठा काटा चारावर गेल्याशिवाय भांड्याला हात लावायची नाही. वीस मिनिटं म्हणजे वीस. डॉक्टर ताटकळले तरी वीस. एकदा ते चिडून म्हणाले, "सिस्टर, सिरिंज उकळताय की मटण?" तर ही खाली बघून शांतपणे म्हणाली, "मटणाला जास्त लागतात, सर."

त्या वर्षी डिसेंबरात सुमी वॉर्डात आली. कल्याणची मुलगी, वडील तिथे लाकडाच्या वखारीत मुकादम, आई सकाळपासून दिवे लागेपर्यंत खाटेच्या पायथ्याशी बसलेली. टायफॉइड. त्यावरचं नवं औषध नुकतं मिळू लागलं होतं, आणि पूर्वी जी मुलं आठवडेच्या आठवडे झुरून जायची ती त्याने पंधरा दिवसांत उठून बसायची. आम्हा सगळ्यांना तो चमत्कार वाटायचा, आणि होताही. सुमीचाही ताप उतरत आला. पण पोटात काही ठरेना, म्हणून घोट्याजवळची शीर उघडून तिला सलाईन लावलं होतं आणि नळी बरेच दिवस तशीच ठेवली होती. पाय हलवायचा नाही, म्हणजे सहा वर्षांच्या मुलीने करायचं काय? मथुराने तिला नोकरीला ठेवलं. टायमपीस सुमीच्या लॉकरवर ठेवायचं आणि तिला घड्याळ शिकवायचं. "मोठा काटा बारावरून निगाला, एकावर आला की पाच, दोनावर दहा. चारावर गेला की मना हाक मारायची. त्याच्या आधी नाय, नंतर नाय. आधी मारलीस तर पगार कापीन." आठ दिवसांत पोरगी तरबेज झाली. काटा चाराला टेकला की वॉर्डभर आवाज घुमायचा, "सिस्टर, झाली!" मग मथुरा आधी स्वतः घड्याळ बघायची, मान डोलवायची आणि भांडं उतरवायची. पुढेपुढे ती घड्याळ बघेनाशी झाली. सुमी म्हणाली झाली, म्हणजे झाली.

मग ताप पुन्हा चढला, हुडहुडी भरून. त्याच सुमारास सुमीच्या जिभेवर पांढरं दिसू लागलं. मथुराने ते डॉक्टरांना दाखवलं, "दह्याची कवडी चिकटावी तसं आहे, सर. पुसलं तर खाली लालभडक." डॉक्टरांनी जांभळं औषध लावायला सांगितलं. तोंड आलं, की ते जांभळं पाणी, ही तेव्हाची रीत. मथुराने सुमीला आरसा दाखवला. "जांबळं कुटं चोरलीस गो?" सुमी हसली, तेव्हा दातसुद्धा जांभळे. मी पाहिलंय ते हसू. नमुन्यांचा ट्रे आणायला मी वर गेले होते.

सोमवारी डॉक्टरांनी सुमीचं रक्त तपासायला पाठवायचं ठरवलं. रक्त डॉक्टर काढणार. सिरिंज उकळून देणं, कातडी स्पिरिटने पुसणं, बाटली धरणं हे मथुराचं. तिने भांडं चढवलं, टायमपीस सुमीपुढे ठेवलं. सुमीला त्या वेळी अंगात बराच ताप होता. तरी काटा चारावर गेला तेव्हा तिने हाक मारली… आवाज बारीक होता, एवढंच. रक्त बाटलीत गेलं, बाटलीच्या तोंडाला कापसाचा बोळा बसला, आणि ती खाली माझ्याकडे आली. बाटलीत मांसाचा रस असायचा. रक्तात जंतू असले तर त्या रसावर दोनतीन दिवसांत वाढतात. त्यासाठी आमच्याकडे उबेचं कपाट होतं, माणसाच्या अंगाइतकं ऊन. बाटली मी कपाटात ठेवली.

आणि आता पीठ. त्याच आठवड्यात बुधवारी संध्याकाळी मला बघायला कल्याणहून मंडळी यायची होती. मुलगा रेल्वेत कारकून, आई खाण्यापिण्याची चोखंदळ. वहिनीने ठरवलं, मुलीने आंबोळ्या करून वाढाव्यात. आंबोळीला जाळी पडली की मुलगी सुगरण. पण डिसेंबरची थंडी, चाळीत वारा, पीठ काही फुगेना. दोनदा फुकट गेलं. "हिच्या हाताला ऊबच नाही," वहिनी म्हणाली. झालं! शास्त्रज्ञबाई पेटल्या. मंगळवारी मी वाटलेलं पीठ पितळी डब्यात भरून दवाखान्यात नेलं आणि उबेच्या कपाटात, खालच्या फळीवर, बाटल्यांच्या शेजारी ठेवून दिलं. पहिल्यांदाच नव्हे बरं का. एकदा विरजण लावलं होतं तिथे. आणि मागे एकदा असल्याच पिठाचा थेंब मी गंमत म्हणून मायक्रोस्कोपखाली बघितला होता. गोल गोल पेशी, प्रत्येकीला बाजूने कोंब फुटलेला, जणू बारक्या बटाट्यांना डोळे आले आहेत. हे मी मुद्दाम सांगते आहे, पुढे उपयोग आहे.

बुधवारी सकाळी कपाट उघडलं तर पीठ असं काही फुगलेलं की डब्याचं झाकण वर उचललेलं, ओघळ फळीवर, आणि दोन-तीन बाटल्यांच्या बुडाशी थारोळं. आधी मला आनंद झाला. हो, खोटं कशाला बोलू? आनंद! काय पीठ आलं होतं! मग मी घाबरून फळी पुसली, बाटल्या पुसल्या, स्पिरिट फासलं. आणि पुसता पुसता सुमीची बाटली उजेडात धरली तर रस गढूळ, तळाशी पांढरे कण. थेंब काचेवर घेतला. मायक्रोस्कोपखाली गोल पेशी, बाजूला कोंब. वास घेतला. आंबूस.

 पीठ बाटलीत गेलं, असंच वाटलं मला. आता मागे वळून बघते तेव्हा कळतं, ओघळ बाटलीच्या बुडाशी होता. बोळा कोरडा होता, पांढरा स्वच्छ होता. बोळ्यातून आत जायला पिठाला काय पाय होते? पण त्या क्षणी विमलने बोळा बघितला नाही. तिला दिसत होते ते गुरुवारी येणारे पॅथॉलॉजीचे डॉक्टर. ते मुंबईहून आठवड्यातून दोनच दिवस येत, सोमवारी आणि गुरुवारी. ते विचारणार, हे बाटलीत कुठून आलं? मग कपाट, मग डबा, मग नोकरी. आणि संध्याकाळी मंडळी यायची होती. मी बाटली जंतुनाशकाच्या बादलीत रिकामी केली, घासून उपडी घातली, आणि चिठ्ठी लिहिली: 'नमुना दूषित. कृपया पुन्हा पाठवावा.' अक्षर सुंदर आलं होतं.

विमलने नुसतं जाऊन सांगितलं असतं की डॉक्टर, मी मूर्ख आहे, मी पीठ ठेवलं होतं, पण ही बाटली तुम्ही एकदा बघा… तर त्यांनी शिव्या दिल्या असत्या, आणि बाटली बघितली असती.

चिठ्ठी वर गेली. नमुना दूषित म्हणजे तो घेताना हयगय झाली, असाच अर्थ तेव्हा लावत. डॉक्टर मथुरावर उखडले, मेट्रन धावत आल्या. "किती वेळ उकळली?" "वीस मिनिटं." "घड्याळ कोण बघत होतं?" आणि मथुराने खरं सांगितलं. ती खोटं बोलूच शकायची नाही, हा तिच्यातला आणि माझ्यातला फरक. ती म्हणाली, "सुमी बघत होती. तिने हाक मारली, मी उतरवली." मेट्रन म्हणाल्या, "तापाने फणफणलेल्या पोरीवर तुम्ही घड्याळ सोपवता? सहा वर्षांच्या?" हे सगळं सुमीच्या खाटेशी. सुमीने चादर तोंडावर ओढून घेतली, असं तिच्या आईने नंतर मला सांगितलं. लेखी ठपका आला आणि मथुराला लहान मुलांच्या वॉर्डातून काढून बाहेर ड्रेसिंगच्या टेबलावर पाठवलं. जाताना ती टायमपीस घेऊन गेली.

दुपारी ती पायरीवर आली. डबा उघडलाच नाही. मला म्हणाली, "विमल, पोरीने चुकून हाक मारली असंल का गो? चारावर जायच्या आधी?" मी म्हटलं, "असेल." हा शब्द मी मथुराखेरीज आजवर कुणालाही सांगितला नव्हता. नुसती गप्प बसले असते तरी चाललं असतं. "असेल," म्हटलं मी.

संध्याकाळी आंबोळ्या इतक्या जाळीदार झाल्या की सासूबाईंनी तिसरी मागून घेतली आणि पाट उठायच्या आत लग्न ठरलं. माझे यजमान पुढे चाळीस वर्षं पाहुण्यांना सांगायचे, "हिच्या आंबोळीवर गेलो मी." चांगला माणूस. त्यांनाही मी कधी सांगितलं नाही.

डॉक्टरांनी बुधवारीच दुसरं रक्त घेतलं. या वेळी मेट्रन स्वतः घड्याळ घेऊन उभ्या. गुरुवारी पॅथॉलॉजीचे डॉक्टर येऊन गेले तेव्हा नव्या बाटलीत अजून काही दिसत नव्हतं. शुक्रवारी सकाळी मी कपाट उघडलं. फळ्या घासलेल्या, पिठाचा कण नाही. सुमीची नवी बाटली गढूळ होती. काचेवर थेंब घेतला, आणि गोल पेशी, बाजूला कोंब. काही पेशी लांबट होऊन एकमेकींना धरून ओळीने उभ्या होत्या. तसं पिठात कधीच दिसलं नव्हतं… बुधवारीही ते असणार, मी बघितलं नव्हतं. त्या दिवशी मी जिना दोन-दोन पायऱ्या गाळत चढले. डॉक्टरांनी मुंबईला फोन लावला आणि पॅथॉलॉजीचे डॉक्टर दुपारच्या गाडीने आले. बराच वेळ मायक्रोस्कोपमधून मान वर केली नाही. मग म्हणाले, "ही बुरशी आहे. तोंडात होती ना? तीच रक्तात उतरली आहे." नवं औषध चांगल्या-वाईट सगळ्या जंतूंना मारतं, आणि रान मोकळं झालं की ही माजते; नळी फार दिवस राहिली तर तिथेही घर करते. असं त्यांनी नुकतंच वाचलं होतं, डोळ्यांनी पहिल्यांदा बघत होते. तिच्यावर रक्तात देण्यासारखं औषध तेव्हा नव्हतंच. "नळी काढा, ते औषध बंद करा, एवढंच हातात आहे. लवकर केलं तर कधी कधी पुरतं." आणि मग माझ्याकडे वळून, "पहिल्या नमुन्यात काय दिसलं होतं?"

मी म्हटलं, "आठवत नाही."

नळी काढली. औषध थांबवलं. शनिवारी ताप एकदम खाली आला, सुमीने पेजेचे चार घोट घेतले. मथुरा ड्रेसिंगचं काम संपवून दारातून डोकावून गेली. आत यायची तिला परवानगी नव्हती. सुमीने तिच्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. चूक आपली, असं पोरीला वाटत होतं. रविवारी ताप पुन्हा चढला. मंगळवारी सकाळी, वॉर्डात दूध वाटत असताना, सुमी गेली. तिची आई रडली नाही, तिने त्या घोट्यावरची पट्टी नीट केली आणि आम्हालाच विचारलं, "आता ही काढायची का?"

ते दोन दिवस मिळाले असते तर सुमी वाचली असती का? मला माहीत नाही. पॅथॉलॉजीच्या डॉक्टरांनाही माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत मी या प्रश्नाशी दोन्ही बाजूंनी वाद घातला आहे आणि दोन्ही बाजूंनी हरले आहे. पण मथुरावरचा ठपका, तिथे वाद नव्हता. तो एका वाक्यात पुसता आला असता.

लग्नानंतर मी नोकरी सोडली. मथुरा निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिली. पण लहान मुलांच्या वॉर्डात तिने स्वतःहून पुन्हा कधी काम मागितलं नाही, मेट्रन बदलल्या तरी नाही. आमची मैत्री टिकली. हे सगळ्यात वाईट. ती माझ्या बाळंतपणाला धावून आली, मी वसंताच्या लग्नात कळव्याला हळदीला नाचले. तिच्या घरी चहा म्हणजे शिक्षा असायची. हिरवं टायमपीस ओट्याच्या वरच्या फळीवर, आणि चहा पूर्ण वीस मिनिटं उकळायचा. दूधही. नातवंडांच्या बाटल्याही. सून वैतागायची, "मावशी, यांना सांगा ना, गॅस संपतो." मथुरा म्हणायची, "संपू दे. माज्या घाईनं एक पोर गेलीय." सून ते ऐकून सोडून द्यायची. मी कप हातात घेऊन तो काढा पीत राहायची. तीनदा मी सांगायला गेले. एकदा पाऊस आला, एकदा पाहुणे आले, एकदा काहीच आलं नाही आणि तरी मी चहा पिऊन परत आले.

मग चार वर्षांपूर्वी माझी पणती ओवी, तेव्हा दीड वर्षाची, न्यूमोनियाने माजिवड्याच्या बाजूच्या एका हॉस्पिटलात होती. पंधराव्या दिवशी तरुण डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, रक्तात बुरशी सापडली आहे, पण लवकर कळलं, नळी बदलली, औषध सुरू केलंय. बुरशीवरचं औषध… पिशवीतून थेंबाथेंबाने. मथुरा तेव्हा माझ्याशेजारी बाकावर होती. कळव्याहून रिक्षा करून आली होती, गुडघे धरून.  त्या बंद दाराकडे बघत ती म्हणाली, "मी तवा नीट उकळली असती तर सुमीचं पण दोन दिवस आदी कळलं असतं."

आणि मी सांगितलं. पीठ, कपाट, बाटली, चिठ्ठी, "असेल", "आठवत नाही". सगळं, त्या बाकावर, ये-जा करणाऱ्या माणसांच्या समोर. मला वाटलं ती मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती बोटांनी पदराचं टोक चाळवत बसली, आणि जणू मी तिथे नव्हतेच अशा आवाजात म्हणाली, "म्हंजे… पोरीनं घड्याळ बराबर बघितलं होतं."

पुन्हा म्हणाली. "चारावरच हाक मारली होती तिनं."

मग उठली. मी हात पुढे केला तर म्हणाली, "नको. आज हात नको लावूस." आणि एकटी, भिंतीचा आधार घेत, लिफ्टकडे गेली. पाच महिने तिने फोन घेतला नाही. ओवी बरी होऊन घरी आली तेव्हाही नाही. सहाव्या महिन्यात तिचाच फोन. "आंबोल्या घेऊन ये." मी गेले. तिने एक खाल्ली, दुसरी अर्धी ठेवली. "चांगल्या करतंस," म्हणाली. "म्हनून राग येतो." मी माफी मागायला तोंड उघडलं तर तिने थांबवलं. "माफ केलं असं मी म्हननार नाय, विमल. मी कोन? ते सुमीच्या आयेनं म्हनायचं, ती कुटं हाय आता? माझ्या वाटनीचं एकच काम कर. लिही. तुला येतं लिवायला. मोट्या अक्षरात लिही की मथुरानं वीस मिनिटं उकळली होती. आनि सुमीला घड्याळ येत होतं. ते आदी लिही."

साडेतीन वर्षं. मी किती तरी वेळा भेटले तिला त्यात. ती दर वेळी फक्त भुवया उंचावायची आणि मी म्हणायची, "चाललंय." चाललंय म्हणे!

तर मथुरा, हे घे. तू वीस मिनिटं उकळली होतीस. सुमीला घड्याळ येत होतं.

तेराव्याला मी कळव्याला गेले तेव्हा वसंताच्या बायकोने चहा टाकला. पाच मिनिटांत कप हातात आला, छान फिका, वेलची घातलेला. पहिल्यांदाच त्या घरात मी चांगला चहा प्यायले, आणि अर्धा कप तसाच ठेवला. निघताना तिने फळीवरून टायमपीस काढून वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं. "त्यांनी सांगून ठेवलं होतं, हे विमलला. म्हणाल्या, तिच्या घरात लहान पोर आहे, शिकव म्हणावं."

आता ते माझ्या ओट्यावर असतं. रोज सकाळी किल्ली द्यावी लागते, आणि दिवसाला दोन मिनिटं मागे पडतं. ओवी साडेपाच वर्षांची आहे. परवा तिचं दूध उकळत ठेवलं, काटे बाराशी आणले, स्टूल ओढून तिला घड्याळासमोर बसवलं आणि मी दाराकडे तोंड करून भाजी निवडायला घेतली. मधे तिचं स्टूल दोनदा करकरलं, एकदा खिडकीतल्या कावळ्याशी बोलून झालं. मग हाक आली. "पणजी, झाली! मोठा काटा चारावर!" वळून बघायची जुनी खोड आहे मला, मान अर्धी वळली होती… पण वळवली नाही. उठले, आणि गॅस बंद केला.